पुढच्या आठ खाटांचं गौडबंगाल

१

पट्टी उचलली आणि साबणताईंच्या जिभेवर शिवी आली. समोर बाळंतीण होती म्हणून त्यांनी ती गिळली.

चार नंबरच्या मुलीचे टाके चिघळले होते. परवापर्यंत छान सुकत आलेली रेघ आज लाल होऊन फुगली होती आणि मधल्या दोन टाक्यांतून पू येत होता. मुलगी शाळेत शिकवायची. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन होऊन सहा दिवस झालेले. बाळ आजीच्या मांडीवर टाहो फोडत होतं आणि आईला त्याला उचलून घेण्याची सोय नव्हती.

"उद्या घरी सोडतो म्हणाले होते," मुलीची आई म्हणाली. "हे असं कशानं झालं हो?"

कशानं झालं! पाच आठवड्यांतला हा सातवा प्रकार होता आणि साबणताईंना अजून तेच कळत नव्हतं.

साबणताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलात कुणाला जंतुसंसर्ग होऊ नये हे बघणारी नर्स म्हणजे त्या. दिवसभर वॉर्डावॉर्डातून हिंडायचं आणि हात धुवा, हात धुवा म्हणून लोकांच्या कानीकपाळी ओरडायचं, हे काम. अकरा वर्षं ओरडून मिळालं काय, तर हे नाव, तेही पाठीमागे. समोर सगळे "हो ताई, हो ताई" करायचे आणि पाठ वळली की पालथ्या घड्यावर पाणी.

बाळंतिणींचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली आणि मध्ये छातीएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे आठ खाटा, पलीकडे आठ. दोन्हीकडे वेगळं बेसिन, वेगळी न्हाणी. सातही चिघळलेले टाके अलीकडचे, म्हणजे पुढच्या आठ खाटांवरचे. मागे एकही नाही. वैताग असा की पुढची बाजू आरशासारखी लख्ख होती. मागच्या बाजूबद्दल न बोललेलंच बरं.

खिशातला फोन वाजला. लॅबमधले भिंगकाका. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोकावून त्यांना माणसं लांबून ओळखू येईनाशी झाली होती, पण जंतू बरोबर ओळखायचे.

"सापडला," काका म्हणाले. "शुक्रवारी वॉर्डातल्या सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले होते ना? एका हातावर जखमेतलाच जंतू आहे. ओलाव्यात वाढणारा. माणसाच्या कातडीवर सहसा राहत नाही तो."

"कुणाच्या हातावर?"

काका उगाचच खाकरले. "मावशींच्या."

२

"शनिवारी दुपारी बारा वाजता त्यांना घरी पाठवतो," मोठे साहेब म्हणाले. हॉस्पिटल त्यांच्या ताब्यात होतं आणि प्रश्न लवकर मिटवणं हा त्यांचा छंद होता. मग तो सुटो न सुटो.

"साहेब, एकतीस वर्षं झाली मावशींना या वॉर्डात."

"एकतीस वर्षांत हात धुवायला शिकल्या नाहीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

साबणताईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. मावशी म्हणजे पुढच्या बाजूच्या आया. चादरी, फरशी, बाळंतिणींच्या आंघोळी, सगळं त्यांच्याकडे. चौदा वर्षांपूर्वी साबणताईंचं स्वतःचं सिझेरियन याच वॉर्डात झालं होतं. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा पोटाकडे बघायची त्यांची छाती होईना. मावशींनीच पाट मांडला, कोमट पाणी घेतलं आणि "वर बघ पोरी, छताकडे बघ, किती जाळी झाली आहेत ते सांग मला" म्हणत टाके धुऊन दिले. साबणताईंनी सहा जाळी मोजली होती. दुसऱ्या दिवशी एकही शिल्लक नव्हतं.

"बाकीच्यांच्या हातांचं काय?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "इन्चार्ज सिस्टरचे स्वच्छ. मागच्या बाजूच्या त्या आयाबाई, काय म्हणता तुम्ही त्यांना?"

"सावकाशबाई."

"त्यांच्या हातावर जगातलं सगळं सापडलं. हा एक जंतू सोडून." साहेबांनी चष्मा काढला. "वर पत्र गेलंय. माझ्याकडे नाव मागितलंय. माझ्याकडे एकच नाव आहे. शनिवार बारापर्यंत दुसरं काही मिळालं तर आणा."

आज मंगळवार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं साहेबांच्या तोंडावर म्हणावं की नाही, याचा साबणताईंनी दोन क्षण विचार केला. मग म्हणून टाकलं आणि दार आपटून बाहेर पडल्या.

३

"मला विचारू नका, माझं डोकं आधीच फिरलंय," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर त्याच, थिएटर तेच, हत्यारं तीच. ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिकचं इंजेक्शन सगळ्यांना वेळेवर, वेळा मी स्वतः तपासल्या. ड्रेसिंग दोन्हीकडे मीच करते, एकाच ट्रॉलीवरून. आणि खाटा पाळीने देतो. एक पुढे, एक मागे."

"म्हणजे बाई वॉर्डात येईपर्यंत फरक काहीच नाही."

"काहीच नाही. जे होतंय ते पुढच्या बाजूला आल्यावर. आणि पुढे तर जपून जपून हैराण झालोय आम्ही! दीड महिन्यापूर्वी ती तपासणी समिती आली आणि तुम्ही चारचौघांत आमची शोभा केलीत, तेव्हापासून मावशींना सुट्टीच्या दिवशीही चैन नाही. फरशी, साबण, चादरी, खिडक्या, सगळं दिवसातून दोनदा. आणखी काय करायचं? खाटा उकळायच्या?"

साबणताई मागच्या बाजूला गेल्या. बेसिनवर साबणाची बाटलीच नव्हती. ती खिडकीच्या कट्ट्यावर रिकामी, पालथी पडली होती, तिचा पंप शेजारी. सावकाशबाई खुर्चीवर बसून उशीला अभ्रा घालत होत्या. एक अभ्रा, एक उशी, आणि सकाळपासून एवढंच काम झालं असावं.

"हे काय आहे?" साबणताईंचा आवाज चढला.

"बाटली."

"बाटली आहे ते दिसतंय मला! बेसिनवर का नाही?"

"वाळतेय की. काल संपली. धुऊन ठेवली. ओली असली की बुळबुळीत लागते हाताला, मला नाही आवडत. भरते उद्या."

"आणि तोवर लोकांनी हात कशाने धुवायचे?"

"सिस्टर त्यांचं ते स्पिरिटसारखं लावतात. बायका घरून साबणाच्या वड्या आणतात." सावकाशबाईंनी जांभई दिली. "आंघोळीही त्यांच्या आया नाहीतर सासवा घालतात. माझी कंबर कुठे वाकतेय?"

साबणताईंनी कपाळावर हात मारून घेतला. या बाईच्या बाजूला सगळ्या जखमा कोरड्या, खणखणीत! देव, दैव, न्याय, कशावर म्हणून विश्वास ठेवायचा माणसाने? शेवटी त्या चादरींच्या खोलीत मावशींकडे गेल्या.

मावशी घड्या घालत होत्या. बातमी पोचलेली दिसत होती. डोळे कोरडे होते, पण एकच चादर तिसऱ्यांदा उलगडून घडी चालली होती.

"हात दाखवून अवलक्षण झालं गं माझं," त्या म्हणाल्या. चारचौघांत त्या साबणताईंना अहोजाहो करायच्या, एकट्यात नाही. "काकांनी नमुना मागितला, तर मी आधी पळत जाऊन बेसिनवर दोनदा हात धुऊन आले. म्हटलं, असे कामाचे हात कसे पुढे करायचे?"

"दोनदा धुतलेत? साबणाने?"

"मग काय नुसत्या पाण्याने? कोपरापर्यंत. तुझ्या चित्रात दाखवलंय तसं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा."

"आणि सावकाशबाईंनी?"

"तिला कसली शुद्ध! हातात फरशीचं फडकं होतं, तेच खाली टाकलं आणि हात पुढे केला."

साबणताई दाराशीच थांबल्या. दोनदा धुतलेल्या हातावर जंतू होता. न धुतलेल्या हातावर तो नव्हता.

४

बुधवारभर त्यांनी नळाचं पाणी, टाकी, बादल्या, मग, टॉवेल सगळ्यांचे नमुने भिंगकाकांकडे पाठवले. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. सगळं स्वच्छ. साबणताईंनी तो कागद चुरगाळून फेकला, मग उचलून परत सरळ केला, कारण फाइलला लावायचा होता.

"तुम्ही दोन नंबरच्या सासूला का नाही धरत?" इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "नुसता तमाशा आहे. सुनेला कुणाला हात लावू देत नाही. आंघोळ स्वतः घालते. काय काय लावत असेल कुणास ठाऊक."

दोन नंबर म्हणजे पुढच्याच बाजूची खाट. साबणताई गेल्या. सासूबाई खाटेच्या पायथ्याशी पहाऱ्यावर बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"जखम बघायची आहे," साबणताई म्हणाल्या.

"हात धुतलेत?"

अकरा वर्षांत हा प्रश्न साबणताईंना कुणी विचारला नव्हता. त्यांना हसूही आलं आणि रागही. त्यांनी हातावर ते स्पिरिटसारखं औषध चोळून दाखवलं, मग सुनेची पट्टी उचलली. ऑपरेशनला सात दिवस झालेले. टाके सुकले होते, कडा जुळलेल्या, कुठे लाली नाही, ओल नाही. गेल्या आठवड्यात पुढच्या बाजूला चौघींची सिझेरियन झाली होती. तिघींचे टाके चिघळले. चौथी ही.

"काय लावता तुम्ही हिला? खरं सांगा. रागावणार नाही."

"काही लावत नाही. तुमच्या त्या मावशी चांगल्या आहेत हो, मायेने करतात. पण मीच नको म्हटलं." सासूबाईंनी पिशवीतून साबणाची नवी वडी काढून दाखवली. "पाणी तुमचं, साबण आमचा. तुमच्या त्या बाटलीतल्या साबणाचा वास घेतलात कधी? तीन दिवस पिळून न ठेवलेल्या फडक्यासारखा येतो. हिला त्याने मळमळायला लागलं."

"साबणाला वास?"

"जा की, घ्या. नाक आहे ना?"

सुनेने सासूचा पदर ओढला, पण सासूबाई खरं बोलल्याच्या समाधानात होत्या. साबणताई पुढच्या बेसिनपाशी गेल्या. बाटली जागेवर होती. लखलखीत पुसलेली, गळ्यापर्यंत भरलेली. त्यांना आठवेना की ही बाटली कधी अर्धी पाहिली होती. सकाळी भरलेली, दुपारी भरलेली, रविवारी भरलेली. प्रत्येक फेरीला त्यांनी मनात मावशींना शाबासकी दिली होती आणि पुढे गेल्या होत्या.

त्यांनी पंप फिरवून काढला. आतल्या नळीवर राखाडी, बुळबुळीत थर होता, शेवाळल्यासारखा. वास नाकात गेला आणि त्यांनी मान मागे घेतली.

मग त्यांची नजर वर गेली. बाटलीच्या वर काचेच्या चौकटीत एक सूचना टांगली होती. तारीख दीड महिन्यापूर्वीची. "ही बाटली कधीही रिकामी दिसता कामा नये. रिकामी आढळल्यास संबंधितांवर कारवाई होईल."

खाली सही होती. ती त्यांचीच होती.

५

"रोज संध्याकाळी वरून भरते," मावशी म्हणाल्या. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. "चार बोटं कमी झाली की लगेच. घट्ट झाला की पंप दाबला जात नाही, म्हणून घोटभर पाणी घालते."

"मधे कधी रिकामी करून धुतली?"

"रिकामी?" मावशी दचकल्याच. "तूच लिहिलंयस ना, रिकामी दिसता कामा नये म्हणून? बेसिनवर रिकामी बाटली बघून समितीचे लोक तुला केवढं बोलले. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या बाजूने तुला परत मान खाली घालायला लागू द्यायची नाही."

साबणताईंनी बाटली पिशवीत घातली, मागच्या बाजूचीही घेतली, पुढच्या बाजूचा सगळा पातळ साबण बंद केला आणि लॅबमध्ये गेल्या.

"साबणाला कसली तपासणी?" भिंगकाका म्हणाले. "साबण म्हणजे साबण!"

"हेच मीही अकरा वर्षं म्हणत आले! म्हणून तर नळ तपासला, बादली तपासली, टॉवेल तपासला, आणि हिच्याकडे कुणी बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला सांगा काका, पाणी घालून पातळ केलेला साबण दीड महिना एकाच ओल्या बाटलीत राहिला, तर त्यात हा तुमचा ओलाव्यातला पाहुणा वाढेल की नाही?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "साबण मळ सोडवतो. जंतू मारेलच असं नाही. जुन्यावर नवा ओतत गेलं तर... वाढेल. चांगला पोसला जाईल."

"झालं तर. मावशींनी हात धुतले आणि जंतू हाताला लागला. सावकाशबाईंनी धुतलेच नाहीत, म्हणून वाचल्या. तिसऱ्या दिवशी पहिली पट्टी निघते, मग रोज टाके साबणपाण्याने धुऊन नवी पट्टी लावायची असते. पुढे मावशी बाटलीतला साबण घेऊन मायेने धुतात. मागे सावकाशबाईंची कंबर वाकत नाही, म्हणून घरची माणसं घरच्या वडीने धुतात. आणि त्यांची बाटली आळसाने संपते, आळसाने धुतली जाते, दोन दिवस उन्हात पालथी पडते. आळसाने, काका! म्हणून तिच्यात काही वाढत नाही. दोन नंबर पुढे असून वाचली, कारण तिची सासू खमकी आहे."

"पटतंय," काका म्हणाले. "पण साहेबांना कागद लागेल. आणि जंतू माझ्या सोयीने वाढत नाहीत. शनिवार सकाळ उजाडेल."

"बारा वाजता मावशी जातायत."

"मग तुम्ही त्यांना सावकाश वाढू नका म्हणून सांगा," काका म्हणाले आणि दोन्ही बाटल्या आत घेऊन गेले.

६

शनिवारी पावणेबाराला भिंगकाका स्वतः जिना चढून आले. कधी नव्हे ते धापा टाकत. पुढच्या बाटलीत जंतू खच्चून भरला होता, जखमेतला होता तोच. मागच्या बाटलीत तो औषधालाही नव्हता.

साहेबांनी कागद वाचला. चेहरा उजळला. "म्हणजे शेवटी मावशींनीच. साबण त्यांनीच भरला ना?"

साबणताईंनी पिशवीतून काचेची चौकट काढली आणि टेबलावर ठेवली.

"वाचा."

साहेबांनी वाचलं.

"सही वाचा."

साहेबांनी सहीही वाचली आणि खुर्चीत मागे रेलले. मावशी दाराशी उभ्या होत्या, हातात घरून आणलेल्या डब्याची पिशवी घट्ट धरून. सावकाशबाईही आल्या होत्या. कशासाठी ते त्यांचं त्यांनाही माहीत नसावं.

"त्यांनी मी सांगितलं तेच केलं," साबणताई म्हणाल्या. "शब्दाला शब्द. मी बाटली भरलेली बघितली आणि खूश झाले. बाटली आधी धुवा, वाळवा, मगच भरा, हे सांगायचं माझं काम होतं. ते मला माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं नाही. समितीने मला झापलं, तो राग मी कागदावर उतरवला आणि काचेत घालून टांगला. तुम्हाला वर एक नाव कळवायचंय ना? माझं कळवा. स्पेलिंग चुकवू नका."

साहेबांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. पुढचं काय ते नंतर बघू, म्हणाले. मावशींना घरी पाठवायचं पत्र मात्र त्यांनी समोरच फाडलं, तेवढं बरं झालं.

बाहेर आल्यावर साबणताईंना वाटलं, आता मावशी हसतील. मावशी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघायला लागल्या.

"सात जणींना मीच धुतलं गं," त्या म्हणाल्या. "चार नंबर रडत होती. तिलाही मी जाळी मोजायला लावली होती."

साबणताई शेजारी टेकल्या. तुमची चूक नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने सातांचे सहा होणार नव्हते.

"चला," त्या शेवटी म्हणाल्या. "चार नंबरला आज तुम्ही लागाल. तिच्या आईला सगळं खरं सांगायचंय. मी सांगते. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

पुढच्या बाजूला भिंतीवर चौकटीचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. बेसिनवर नवी बाटली होती. धुतलेली, वाळवलेली, निम्मीच भरलेली. ती सावकाशबाईंनी तयार केली होती. आता साऱ्या हॉस्पिटलच्या बाटल्या त्यांच्याकडे होत्या आणि या अन्यायावर त्या सकाळपासून बोलत होत्या.

चार नंबरची मुलगी बाळाला पाजत होती. पोटावर उशी, त्यावर बाळ, कशीबशी. मावशी तिच्याकडे निघाल्या, सवयीने बेसिनकडे वळल्या, आणि नळापाशी येऊन थांबल्या. एकतीस वर्षांत त्या तिथे कधी थांबल्या नव्हत्या.

त्यांनी मागे वळून बघितलं.

"पोरी, धुऊ का गं हात?"

अकरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी साबणताई ओरडत आल्या होत्या, ती आता ही बाई विचारून करत होती. त्या पुढे झाल्या, बाह्या वर केल्या आणि नळ सोडला.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "आधी मी धुते."